काट्याचं मुसकं

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझं बोलणं अर्ध्यावर असताना चष्मा काढून टेबलावर ठेवला, तेव्हाच माझा उजवा कान तापायला लागला. राग आला की माझा उजवाच कान तापतो, डावा बिचारा अजून समजुतीनं घेत असतो.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमचा रेणू मेंदूतलं एन्झाइम बंद करतो, मान्य. पण तो आतड्यातलं एन्झाइमही तितक्याच जोरात बंद करतो. म्हणजे कंपवाताच्या पेशंटचा हात थरथरायचा थांबेल आणि मग तो मुरलेलं चीज खाऊन रक्तदाबानं जाईल. बरोबर?"

मागच्या रांगेतली एमफार्मची मंडळी हसली. सांगलीत मुरलेलं चीज खातंय कोण, असं तोंडावर आलं होतं, पण गिळलं. कारण ते बरोबर बोलत होते. चूक माणसावर चिडायला मजा येते; बरोबर असलेल्या माणसावर चिडलं की नुसता स्वतःचा कान भाजतो.

सांगलीतल्या एका फार्मसी कॉलेजात मी पीएचडी करत होते, आणि ती माझी चौथ्या वर्षाची प्रगती-परीक्षा होती. चार वर्षांत मी बत्तीस रेणू बनवले होते आणि बत्तीसच्या बत्तीस असे दुतोंडी निघाले होते. समितीनं निकाल तिथंच सांगितला. पुढच्या सेमिनारपर्यंत एक तरी निवडक रेणू दाखवा, नाहीतर विषय बदला. विषय बदलायचा म्हणजे चार वर्षं पुसायची आणि पहिलीत नाव घालायचं. माझं वय तेव्हा असं होतं की गावाकडं माझ्या वर्गातल्या मुलींची मुलं पहिलीत जात होती.

हे दुतोंडीपण काय ते सांगते. दोन जुळ्या बहिणी समजा. दिसायला इतक्या सारख्या की जन्म देणारीनं दोनदा बघावं. एकीला आम्ही 'ए' म्हणतो, दुसरीला 'बी'. दोघींचा धंदा मोडतोडीचा. ए बरीचशी आतड्यात बसते आणि आंबलेल्या, मुरलेल्या खाण्यातून येणारा एक उपद्रवी पदार्थ मोडून टाकते. तिला गप्प बसवलं तर तो थेट रक्तात शिरतो आणि रक्तदाब भडकतो. बी मेंदूत बसून डोपामीन मोडते. हातपाय मनासारखे हलायला डोपामीन लागतं, आणि कंपवाताच्या माणसाकडं ते आधीच कमी झालेलं असतं. उरलंसुरलं बीनं मोडलं तर त्यानं हलायचं कशाच्या जोरावर? म्हणून बीला थांबवायचं आणि एला धक्का लावायचा नाही. सांगायला दोन ओळी लागतात. करायला माझी चार वर्षं गेली होती आणि झालं नव्हतं.

अशी औषधं जगात नाहीत असं नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, गोळ्यांच्या डबीत सकाळच्या खणात त्यातलीच एक असते. पण जुन्या गोळ्यांपैकी काही बीला एकदा चिकटल्या की सुटत नाहीत. शरीराला नवं एन्झाइम घडवावं लागतं. आम्हाला हवा होता तो रेणू बीवरच बसणारा, काम करणारा आणि वेळ आली की उठून जाणारा. रोग त्यानंही बरा होत नाही, हे मला माहीत होतं. पण हाताला दोरीची एक गाठ मारता आली तरी ज्याचा हात आहे त्याला विचारा त्याची किंमत.

आबांचा आजार गाठीवरूनच कळला होता. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीपासून आत. घरात पिढ्यान् पिढ्या मेंढरं. आबा डोळे मिटून दोरीला दहा प्रकारच्या गाठी मारायचे. एका दिवशी वाघरीची, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणाची, दोरी त्यांच्या हातात नुसती थरथरत राहिली. आई म्हणाली, थंडी वाजत असेल. तेव्हा मे महिना होता. मग साताऱ्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, गोळ्या सुरू झाल्या आणि आम्ही सगळे नवीन गोष्टी शिकलो. उदाहरणार्थ, आबा दाराच्या उंबऱ्याशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळतात. ढकलून उपयोग नाही. पण आईनं मेंढरं हाकल्यासारखं "हुर्रर्र" केलं की पाऊल उचललं जातं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाहेरून ताल मिळाला की पाय ऐकतात. आबा म्हणाले, "आयुष्यभर मी मेंढरं हाकली, आता ही मला हाकती." आणि स्वतःच हसले.

सेमिनारच्या संध्याकाळी त्यांना फोन केला. मला रडायचं नव्हतं, पण "हॅलो" म्हणतानाच आवाज फुटला.

"कोण काय बोललं?" आबांनी विचारलं.

"लय मोठे सर हायत, आबा."

"असूं दे मोठं. तू काय चोरी केलीस व्हय? कुणाच्या बापाला भ्यायचं न्हाई. दिवाळीला घरी ये."

माझे गाइड मिरजेचे. त्यांच्या घरात तंतुवाद्यं बनतात. आजोबा, वडील, काका सगळे सतार-तंबोरे करणारे, हे एकटेच रसायनात घसरले. त्यांच्या तोंडी घरचे शब्द पक्के बसलेले. तंबोऱ्याच्या घोडीला, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीला, कानसेनं घासून घासून अशी जागा काढतात की तार छेडली की गुंजत राहते. त्याला जवारी लागणं म्हणतात. सर रेणूंच्या बाबतीतही तेच बोलायचे. "अजून जवारी लागली नाही," एवढं म्हणून कागद परत करायचे. त्या सेमिनारनंतरही तेवढंच म्हणाले. मग म्हणाले, "आणि एन्झाइम संपत आलंय. बीची एक कुपी उरलीय. एका फेरीपुरती. नवीन येईपर्यंत सेमिनार होऊन जाईल. नेम धरून मारा."

दिवाळीला सांगलीहून निघाले. तासगाव, विटा, मायणी करत एसटी दहिवडीला पोचेपर्यंत द्राक्षांचे मांडव मागं पडतात आणि माळ सुरू होतो. त्या बसमध्ये मी बत्तीस रेणूंची चित्रं असलेली वही मांडीवर घेऊन बसले होते. सगळ्या चित्रांत मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा केली होती, पण ती मला तेव्हा दिसत नव्हती. मला वाटायचं, रेणूनं एन्झाइमला घट्ट धरलं पाहिजे. मग त्याचं जे टोक एन्झाइमच्या कामाच्या जागेशी जातं, त्या टोकाशीच मी नवनवीन अणू चिकटवत गेले. अजून जाड, अजून घट्ट. पकड वाढली की काम होणारच, असा माझा हिशेब.

घरी पोचले तर आबा एका मेंढीकडं बघत अंगणात बसलेले. मोठा कळप चुलतभावांबरोबर खाली कृष्णाकाठाकडं गेला होता. घरी राहिली होती ती म्हातारी, लंगडी, अशक्त. ही मेंढी त्यातली. तिचं कोकरू चांगलं चरायच्या वयाचं झालं होतं, तरी दिवसभर तिच्या कासेला लोंबकळायचं. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या.

"त्येला मुसकं घालाय पायजे," आबा म्हणाले. "न्हाईतर ही जायाची."

पेपरात पोलीस चोरांच्या मुसक्या आवळतात. आमच्याकडं कोकराला मुसकं घालतात. लोकरीच्या दोरीचा एक पट्टा, त्यात बाभळीचे काटे गुंफलेले. ते नाकाडावर बांधलं की कोकरू कासेला तोंड लावायला गेलं की काटे मेंढीला टोचतात आणि ती बाजूला होते. मारायला नको, बांधून ठेवायला नको. चार-आठ दिवसांत मेंढीचं दूध आटतं, तिच्या अंगावर मांस धरतं.

आबांनी दोरी हातात घेतली. काटा गुंफायला गेले, तो बोटात गेला. पुन्हा गेले, पुन्हा बोटात. मी दोरी काढून घेतली. ते बोट चोखत उठले. वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी घाईनं काम करते. भराभर पट्टा वळला, सढळ हातानं काटे घातले, सगळीकडून, वरून खालून बाजूनं. कोकराला दोन गुडघ्यांत धरून बांधलं आणि पट्टा चांगला आवळला. पीएचडी करणाऱ्या बाईचं मुसकं, ढिलं कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी दुपारी आईची हाक आली. कोकरू लिंबाखाली आडवं पडलं होतं. कुशी आत गेलेल्या, डोळे मिटत चाललेले. समोर हिरवी लुसलुशीत लसूणघासाची पेंढी, तिला तोंड लावलेलं नाही. मेंढी शेजारी उभी राहून ओरडत होती.

आबा उंबऱ्याशी अडकले. आईनं "हुर्रर्र" केलं, तसे आले, खाली बसले आणि मुसक्याखाली बोट घालायला गेले. बोट शिरेना.

"ह्ये काय केलंस?"

"मुसकं घातलं की."

"ह्ये मुसकं न्हाई, कुलूप हाय. त्येनं दूध पिऊ नये म्हणून तू त्येचं खाणंबी बंद केलंस. जबडा हालंना त्येचा." आई दोरी कापत होती. कोकरानं जबडा दोनदा वाकडा-तिकडा केला आणि पडल्या पडल्याच घास ओढला. आबांचा आवाज जरा खाली आला. "अगं बाय, तोंड बांधायचं नसतंय. दूध बांधायचं. काटं तोंडापाशी न्हाई, लांब, नाकाडाच्या वर. खालनं पट्टा बारीक, आन् एक बोट ढिला. तोंडाशी गर्दी करू नगंस."

तोंडाशी गर्दी करू नको.

मी तशीच उकिडवी बसून राहिले. चार वर्षं, बत्तीस रेणू, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी मी गर्दी केली होती. ए आणि बीची कामाची जागा जवळजवळ सारखीच. तिथं मी काहीही चिकटवलं तरी ते दोघींनाही सारखंच आवळणार. फरक आहे तो अलीकडं, शिरायच्या वाटेवर. एची एकच गोलसर खोली. बीच्या दोन खोल्या, एकामागं एक, अरुंद. हे मी पुस्तकात वाचलं होतं, कंप्युटरवर गोल फिरवून शंभरदा बघितलं होतं, सेमिनारात स्लाइडवर दाखवलंही होतं. पण माझ्या डोक्यात घट्ट आवळणं बसलं होतं ना! तोंड बारीक ठेवायचं आणि काटा लांब, रेणूच्या मागच्या शेपटीच्या टोकाला लावायचा. बीला तो टोचणारच नाही, पुढच्या खोलीत आरामात बसेल. ए-कडं दुसरी खोलीच नाही. तिथं तो भिंतीला लागेल आणि रेणू आत जाणारच नाही. दूध बंद, खाणं चालू.

"आबा!" मी ओरडले. कोकरू दचकलं.

मग त्यांना सगळं सांगितलं. त्या दिवसापर्यंत मी त्यांना माझं काम कधी धड सांगितलंच नव्हतं. 'औषधाचं काहीतरी' एवढंच. लाज वाटली त्याची. आता मुसकं हातात होतं, तेव्हा पाच मिनिटांत झालं. आबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "आन् काढायचं कसं?"

"काय?"

"तुजं मुसकं. घालायचं कळलं. काढायचं कसं?"

"ते मागनं बघायचं, आबा. आधी बसतंय का ते बघू."

"मागनं कसं? गाठ मारायच्या आधी ती सुटंल कशी त्ये बघायचं असतंय." त्यांनी खिशातली गोळ्यांची डबी हलवून खुळखुळ वाजवली. "माज्या गोळीसारखं जनमभर चिकटून बसाया नगं."

दुसरं मुसकं मी त्यांच्या देखरेखीखाली केलं. अर्धा दिवस लागला आणि तीनदा उसवायला लावलं. घातल्यावर कोकरू कासेकडं गेलं, मेंढी टुणकन बाजूला झाली, कोकरू पुन्हा गेलं, ती पुन्हा सरकली. मग त्यानं थोडा वेळ विचार केल्यासारखं केलं आणि मान खाली घालून चरायला लागलं. आई म्हणाली, "झाली बाई एकदाची पास."

कापलेलं पहिलं मुसकं मी पिशवीत घालून सांगलीला आणलं.

पुढचे तीन महिने मी माणसात नव्हते. आमची रसायनं काही भारी नसतात. दोन साधे पदार्थ स्पिरिटमध्ये घालायचे, अल्कलीचे थेंब टाकायचे, ढवळत ठेवायचं, की पिवळा साका बसतो. कठीण असतं ते आधी शेपटी लावणं आणि नंतर शुद्ध करणं. पहिला रेणू डिंकासारखा चिकट निघाला, काचेला चिकटून गेला. दुसऱ्यात मूळ पदार्थ राहिला; अतिनील दिव्याखाली पट्टीवर एक ठिपका यायचा तिथं तीन आले. तिसरा चांगला होता, पण पाण्यातही विरघळेना, कशातच विरघळेना, आईच्या भाषेत नुसता ठोंब्या. चौथा थंड होताना बशीत पिवळ्या सुया उगवल्या, बारीक, लांब. मी त्या सुयांना एक बोट लांबून नमस्कार केला.

प्रत्येक बाटलीला नाव लागतं. या मालिकेला मी इंग्रजी एम आणि यू ही दोन अक्षरं दिली. मुसकं. सरांना वाटलं, मी म्यू हे ग्रीक अक्षर लिहिलंय. मी ती समजूत तशीच राहू दिली. चौथ्याचा आलेख बघून ते म्हणाले, "जवारी लागतीय."

मग भांडण झालं. सरांचं म्हणणं, उरलेल्या कुपीत प्रत्येक मापन तीनदा करायचं. शास्त्र तसंच असतं. माझं म्हणणं, दोनदा करू आणि वाचलेल्या एन्झाइमवर सुटतंय का ते बघू.

"सुटण्याचं नंतर बघता येईल," सर म्हणाले. "आधी निवडकपणा सिद्ध करा. दोन मापनं जुळली नाहीत तर तुमच्याकडं काहीच उरणार नाही. ना हे, ना ते. विषय बदलावा लागेल, कळतंय ना?"

"कळतंय सर. पण गाठ मारायच्या आधी ती सुटेल कशी ते बघायचं असतं."

"हे कुठल्या पेपरात आलंय?"

"माणमध्ये."

मला वाटतं, सरांना घोडी घासणारे आजोबा आठवले असावेत, कारण एकदम म्हणाले, "करा. जुळली नाहीत तर माझ्या खोलीत रडायला यायचं नाही."

ती सकाळ मला क्षणन् क्षण आठवते. बर्फाच्या डब्यात दोन कुप्या, एक एची, एक बीची. समोर छोट्या छोट्या वाट्यांची प्लास्टिकची प्लेट, वरच्या रांगा एच्या, खालच्या बीच्या. या चाचणीत एन्झाइम काम करत असेल तर वाटीतल्या पाण्याला गुलाबी रंग चढतो. गप्प बसलं असेल तर पाणी पाण्यासारखंच राहतं. माझा हात चांगला आहे. आबांचाच हात आहे तो, थरथरायच्या आधीचा. पिपेट धरताना मी ते मनात म्हणते आणि म्हटलं की थेंब चुकत नाही.

आधी औषध न घातलेल्या वाट्या गुलाबी झाल्या, वर आणि खाली. म्हणजे दोघी जिवंत. मग एच्या रांगेत चौथा रेणू घातलेल्या वाट्या बघत उभी राहिले. नुसतं पाणी. नुसतं पाणी. चार वर्षांची सवय होती; मला वाटलं, गेलं. मग पहिल्या वाटीच्या कडेला गुलाबी धागा उमटला. दुसऱ्या. तिसऱ्या. अख्खी वरची रांग भरून आली. ए मजेत काम करत होती, तिला पत्ताही नव्हता कुणी आलं होतं याचा. आणि खाली बीच्या वाट्या स्वच्छ. पाण्यासारख्या. सर मागं येऊन उभे होते हे मला त्यांच्या श्वासावरून कळलं. दुसरं मापन लावलं. वर गुलाबी, खाली पाणी. जुळलं.

"आता तुमचं माणचं बघा," सर म्हणाले.

बीच्या शेवटच्या थेंबांत आधी भरपूर औषध घालून तिला गप्प बसवलं, अर्धा तास थांबले आणि मग खूप पाणी घालून औषध विरळ केलं. रेणू कायमचा चिकटला असेल तर वाटी पाण्यासारखीच राहणार. सुटला असेल तर बी जागी होणार. तुलनेला शेजारच्या वाटीत जुन्या, न सुटणाऱ्या औषधाचा नमुना. सकाळभर ज्या गुलाबी रंगाला मी खालच्या रांगेत घाबरत होते, त्याचीच आता वाट बघत होते. शेजारची वाटी तशीच राहिली. माझी वाटी हळूहळू, अगदी सावकाश, फिकट गुलाबी झाली. मग गडद.

सरांनी बाकावरची काचेची कांडी उचलली आणि रिकाम्या बीकरच्या कडेवर एकदाच टिंग केलं. आवाज प्रयोगशाळाभर फिरला. "लागली," ते म्हणाले. मी त्यांच्या खोलीत जाऊन रडले. ते चहा सांगायला बाहेर गेले.

सेमिनारला परीक्षक तेच. चष्मा तोच. माझा कान सुरुवातीलाच कोमट झाला होता. चौथ्या रेणूची स्लाइड आली, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे म्यू म्हणजे काय? कुठल्या रिसेप्टरशी संबंध आहे का?"

"नाही सर. मु म्हणजे मुसकं." मी पिशवीतून ते काढलं आणि त्यांच्या समोर टेबलावर ठेवलं. त्यांनी सहज उचललं आणि काटा लागला तसं झटकन सोडलं. मागची रांग हसली. या वेळी मीही हसले. मग मी कोकराची सगळी गोष्ट सांगितली, चुकीच्या मुसक्यापासून. हे चुकीचंच आहे, असंही सांगितलं. बरोबरवालं कोकराच्या कामी आलं होतं. वरची गुलाबी रांग दाखवली, खालची पाण्यासारखी दाखवली.

"चांगलं आहे," ते म्हणाले आणि हात चष्म्याकडं गेला. "पण मॅडम, एक प्रश्न राहतो. हा बीला कायमचा चिकटत असेल तर जुन्या औषधांपेक्षा तुमचं नवीन काय? हे तुम्ही तपासलं नसणार."

मी त्या क्षणाची चव अजून जिभेवर ठेवली आहे. मी नुसतं बटण दाबलं. पडद्यावर दोन वाट्या आल्या, एक पाण्यासारखी आणि एक गडद गुलाबी.

त्यांनी अर्धा काढलेला चष्मा परत घातला. पुढं झुकून बघितलं. मग म्हणाले, "हे तुम्हाला कुणी सुचवलं?"

"वडिलांनी. ते मेंढपाळ आहेत."

समितीनं विषय बदलायला सांगितला नाही. पुढच्या टप्प्याला, पेशींवरच्या आणि मग प्राण्यांवरच्या चाचण्यांना, मंजुरी दिली. बाहेर पडताना परीक्षकांनी ते मुसकं पुन्हा हातात घेतलं, या वेळी नीट, पट्ट्याला धरून. त्यांनी ते मागितलं असतं तर दिलं असतं. मागितलं नाही, पण ठेवलंही लवकर नाही.

लगेच गावी गेले. मेंढी ओळखू येईना इतकी भरली होती. कोकरू आता कोकरू राहिलं नव्हतं. मुसकं केव्हाच निघालं होतं, कासेकडं बघतही नव्हतं. आबा अंगणातल्या बाजेवर होते. मी सगळं सांगितलं, वाट्या, चष्मा, गुलाबी रंग, सगळं. त्यांनी चष्म्याचा भाग दोनदा सांगायला लावला. आई आतून म्हणाली, "तिसऱ्यांदा सांग, मला भाकरीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई."

मग आबांनी विचारलं, "आता ही गोळी कवा निघायची?"

हा प्रश्न येणार हे मला सांगलीपासून माहीत होतं. बसमध्ये मी त्याची तीन उत्तरं तयार केली होती, तिन्ही खोटी. त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि एकही देता येईना.

"आबा, लय वर्षं लागत्यात. उंदरांवर, मग माणसांवर. मधेच कुठंतरी अडूबी शकतं. निघाली तरी..."

"मंजे मला न्हाई गावायची."

"न्हाई, आबा."

त्यांनी मान हलवली. मांडीवरचा हात थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला नाही, जसा धरायची सवय होती. तसाच राहू दिला. मी खाली बघत बाजेच्या नवारपट्टीची सुटलेली गाठ उगाच आवळत बसले.

"आवळू नगंस," ते म्हणाले. "एक बोट ढिली ठेव." आणि मग हसले, अगदी पोटातून, आईला बाहेर यायला लागेल इतक्या मोठ्यानं. "आगं, मला न्हाई तर न्हाई. कुणाच्या तरी बापाला गावंल की!"